तिसरं पान

माणसावर विश्वास ठेवायचा नाही, ही गोष्ट मला ग्रंथालयाने शिकवली. सव्वीस वर्षं मी धरणगावच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. या काळात मी शब्दकोशातून ‘ग’ अक्षर अख्खं गायब झालेलं पाहिलं आहे, आणि शर्टाखाली नकाशा गुंडाळून जाणारा विद्यार्थी पोट दुखतंय म्हणून रडताना पाहिला आहे. त्यामुळे कोणी माझ्याकडे बघून हसलं की मी आधी त्याचे हात बघतो. बायको म्हणते, हितेंद्र, तुम्ही देवळात गेलात तरी पुजाऱ्यावर नजर ठेवाल. ठेवतोच.

यंदा मूल्यांकन समिती यायची होती. समितीला दाखवायला मी ‘बातम्या आणि उपक्रम’ नावाची फाईल केली होती. ग्रंथालयात काही झालं, पुस्तक प्रदर्शन म्हणा, वाचन दिन म्हणा, की त्याची बातमी जळगावच्या पेपरात तिसऱ्या पानावर यायची. नोव्हेंबरपासून दर महिनाअखेरीला ती कात्रणं काढून फाईलला लावायची, असं मी ठरवलं होतं. समितीला पुस्तकं कोण वाचतं याच्याशी फारसं घेणं नसतं, फाईल जाड लागते.

नोव्हेंबरअखेर कात्रणं काढायला बसलो तर अकरा अंकांतलं तिसरं पान फाटलेलं. कुठे अर्धं, कुठे पाव, पण कड अगदी सरळ. अशी कड ब्लेडशिवाय येत नाही, अशी माझी खात्री झाली. आमच्या बातम्या तर गेल्याच होत्या, शिवाय संस्थेच्या अध्यक्षांच्या, म्हणजे नानांच्या, पंच्याहत्तरीची अर्ध्या पानाची जाहिरातही गेली होती. नानांच्या माणसाला ते कुठून तरी कळलं. त्याने प्राचार्यांना फोन केला, प्राचार्यांनी मला बोलावलं आणि विचारलं की नानांवर एवढा राग असलेलं तुमच्या ग्रंथालयात कोण आहे.

मी त्याच दिवशी पाळत ठेवायला सुरुवात केली. ग्रंथालय सकाळी सात वाजता शेवंताबाई उघडते. ती बावीस वर्षं झाडलोट करते. तिला अक्षर ओळखता येत नाही, तेव्हा पेपरशी तिचं काय काम, असं म्हणून मी तिला संशयितांच्या यादीतून सगळ्यात आधी काढून टाकलं. उरली दिपमाला.

दिपमाला मूळची नरडाण्याची. तलाठी भरतीचा अभ्यास करायला इथे मामाकडे राहायची. मामाच्या एका खोलीत सहा माणसं, म्हणून ही सव्वासातलाच अभ्यासिकेत हजर, तीही पेपरांच्या टेबलाला लागून. वडिलांनी तिला शेवटची संधी दिली होती. महिन्याभरावर आलेली परीक्षा पास झाली तर ठीक, नाहीतर नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला जायचं. हे तिनेच मला प्रवेश अर्ज देताना सांगितलं होतं. तेव्हा मला वाटलं होतं, सहानुभूती मिळवते आहे.

सोमवारी मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. तिच्या वहीत पेपरची कात्रणं चिकटवलेली होती, आणि पेन्सिलच्या डबीत ब्लेड होतं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. ती म्हणाली की ही कात्रणं दलिचंद शेठच्या दुकानातल्या जुन्या रद्दीतली आहेत, शेठ फुकट देतात, विचारून बघा. मी विचारलं नाही. चोर पत्ता सांगतो तेव्हा तो पत्ता खराच असतो, तिथे विचारून काही हाती लागत नाही, असं माझं एक मत होतं. मी तिचं ओळखपत्र काढून घेतलं आणि उद्यापासून यायचं नाही म्हणून सांगितलं. ती रडली नाही. न रडणं हासुद्धा मी पुरावाच धरला.

प्राचार्यांना नानांना काहीतरी दाखवायचं होतं, म्हणून त्यांनी नोटीस लावायला सांगितली. नुसतं नाव असलं की मुलं लक्ष देत नाहीत, फोटो लावा, असं मीच सुचवलं. तिच्या अर्जावरचा फोटो मी झेरॉक्सवर मोठा केला. वर मधोमध फोटो, खाली नाव, गाव, तारीख, आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘वर्तमानपत्रांची पाने कापल्यामुळे सभासदत्व रद्द’. गुरुवारी संध्याकाळी ती दाराजवळच्या फळ्यावर लावली. पाच मिनिटांत पोरांनी मोबाइलवर फोटो काढले.

आता ही रात्रीतून किंवा पहाटे येऊन नोटीस फाडणार, हे मी गृहीत धरलं. शुक्रवारी साडेसहालाच मागच्या दाराने आत शिरलो आणि संदर्भग्रंथांच्या कपाटामागे उभा राहिलो. सात वाजता कुलूप निघालं. शेवंताबाई आली. तिने झाडू टेकवला, पेपरवाल्याने टाकलेला गठ्ठा उचलला, तिसरं पान उघडलं. एका ठिकाणी बोट थांबलं. तिथे तिने घडी घातली, नखाने दाबली, बोट ओलं करून घडीवरून फिरवलं आणि हळूच फाडलं. कड अगदी सरळ आली. तुकडा बारीक बारीक करून तिने ओच्यात टाकला.

मी बाहेर पडणार, तेवढ्यात ती फळ्यासमोर गेली. नोटिशीवरच्या फोटोवर हात ठेवला आणि मटकन खाली बसली. मी समोर आल्यावरही ती दचकली नाही. तोंडाला पदर लावून तिने मला विचारलं,

“सर, हाई पोर कव्हय गई? काय व्हयनं व्हतं तिले?”

मला आधी कळलंच नाही. कधी गेली म्हणजे अभ्यासिकेतून, गावाला, असं काहीतरी वाटलं. मग फोटो, खाली नाव, गाव आणि तारीख, हे मी तिच्या नजरेने पाहिलं. आमच्याकडे चौकातल्या फळ्यावर मेलेल्या माणसाची खबर अशीच लावतात. पोरगी चार दिवस दिसली नव्हती. मी म्हणालो, “अगं, जित्ती शे ती. काही नही व्हयनं तिले.”

मग सगळं बाहेर आलं. मरणाचं पत्र आलं की वाचून फाडायचं, घरात ठेवायचं नाही, ही रीत मी लहानपणापासून पाहत आलो आहे. माझी आईसुद्धा असं पत्र उंबऱ्याबाहेरच फाडायची. शेवंताबाई तेच करत होती. “आठे लोकेस्ना पोरं शिकतस, सर. मरणना कागद आठे ठेवतस का? गयामा हार दिखना का मी फाडी टाकस.” फोटोतल्या माणसाच्या गळ्यात हार दिसला की तो मेलेला, एवढीच तिची खूण. वर्षभर ती असे फोटो फाडत होती, फक्त आम्ही नोव्हेंबरचेच अंक पाहिले होते. निधनाच्या छोट्या जाहिरातींशेजारी आमच्या बातम्या असायच्या, पाठीमागे बाजारभाव असायचे, त्याला ती काय करणार. नानांच्या गळ्यात तर गुलाबाचा हार होता. त्या दिवशी ती घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ करून आली होती, आणि एवढा मोठा माणूस गेला तरी कॉलेजला सुटी कशी नाही, याचं तिला महिनाभर नवल वाटत होतं.

दुसऱ्या कोणाचं असतं तर मी पोट धरून हसलो असतो. मला लाज वाटत होती. सव्वीस वर्षं संशय घेतला, आणि ज्या बाईला वाचता येत नाही तिचा मात्र घेतला नाही, कारण तिला मी गणतीतच धरलं नव्हतं.

मामाकडे गेलो तर कळलं की वडील तिला घेऊन गेले. रविवारी सकाळच्या गाडीने नरडाण्याला उतरलो. तिचे वडील भिकनभाऊ ओट्यावर बसले होते. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. दिपमाला दुसऱ्या दिवसापासून कंपनीत जाणार होती, नाव लागून गेलं होतं. मी शेवंताबाईचा सगळा प्रकार सांगितला, चूक माझी म्हणालो, नोटीस फळ्यावरून काढून टाकली आहे, उद्यापासून तिला पाठवा म्हणालो.

भिकनभाऊंनी मोबाइल पुढे केला. त्यात माझीच नोटीस होती. “हाई बठ्ठा गावनी देखेल शे,” ते म्हणाले. “तुमी काढी ते कोनी देखी?”

लावलेली नोटीस सगळ्या गावाने पाहिली होती, काढलेली कोणीच पाहिली नव्हती. मी म्हणालो, खरं काय ते लिहून त्याच फळ्यावर लावतो, त्याचाही फोटो पाठवतो. तेव्हा इतका वेळ दारात उभी असलेली दिपमाला पहिल्यांदा बोलली. “शेवंतामावशींचं नाव त्यात घालू नका, सर. नानांच्या कानावर गेलं तर मावशींना एक दिवस कामावर ठेवणार नाहीत.”

ज्या मुलीचं नाव मी पुरावा नसताना फळ्यावर लावलं, ती पुरावा असलेलं नाव झाकायला सांगत होती. मला तिच्याकडे बघवेना.

संध्याकाळी परत येऊन मी नोटीस लिहिली. ‘वर्तमानपत्रांची पाने कु. दिपमाला यांनी कापलेली नाहीत. मी, ग्रंथपाल, कोणताही पुरावा नसताना त्यांच्यावर आरोप केला. त्यांची जाहीर माफी मागतो.’ खाली सही केली, फळ्यावर लावली, फोटो काढून भिकनभाऊंना पाठवला. त्यांचं उत्तर आलं नाही. सोमवारी सकाळच्या गाडीने दिपमाला आली आणि नेहमीच्या जागेवर जाऊन बसली.

शेवंताबाईला मी समजावलं. पेपरला आता हात लावत नाही ती, पण सकाळी त्या टेबलावरून जाताना तोंड फिरवते.

अकरा वाजता प्राचार्यांनी बोलावलं. नोटीस त्यांच्या टेबलावर होती. हिने नाही, तर मग कोणी, एवढंच त्यांना हवं होतं. मी म्हणालो, मला माहीत आहे, पण सांगणार नाही. त्यांनी तीनदा विचारलं. मग खुर्चीला टेकून माझ्या हातांकडे बघत राहिले.

“म्हणजे ती पानं तुम्हीच कापलीत का?”

हो म्हणालो नाही. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न शेवंताबाईपर्यंत जाणार होता. गप्प बसलो. गप्प बसणाऱ्याबद्दल काय वाटतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

आता चौकशी चालू आहे. तोपर्यंत मला पेपरांच्या टेबलाजवळ जायची मनाई आहे, आणि अंकांची जबाबदारी सकाळी सगळ्यात आधी येणाऱ्या वाचकाकडे दिली आहे. मला पेपर वाचायचा असला की दिपमाला तो आणून माझ्यापुढे ठेवते, आणि माझं वाचून होईपर्यंत समोर उभी राहते. तसा प्राचार्यांचा हुकूम आहे.