रुपीबाईच्या हातचा फडा

संसारात दुसऱ्यांदा विकत घ्याव्यात अशा वस्तू फार थोड्या. रेशमी वस्त्रांना रिठे, भांड्यांना नारळाची शेंडी, फार तर मोरीसाठी धुण्याचा सोडा, आणि घर झाडायला रुपीबाईचा फडा. बाकी सगळं एकदा आणायचं, पस्तावायचं आणि माळ्यावर टाकायचं.

हे मी आमच्या ह्यांना, म्हणजे नीळकंठरावांना, लग्न झाल्यापासून सांगत आले. हे पांढरकवड्याला कचेरीत कारकून. कामासाठी नागपूरला गेले की घर स्वच्छ करायचं काहीतरी नवं घेऊनच परतायचे. एकदा लाकडी मुठीचा ब्रश आणला. आठ दिवसांत त्याचे केस गळाले आणि मोरी तुंबली. एकदा डब्यातली गुलाबी भुकटी आणली. तिनं पितळेची समई अशी काळवंडली, की चिंच आणि राख लावून घासता घासता माझी मनगटं भरून आली. वर हे विचारणार, "अगं, डब्यावर लिहिल्याप्रमाणेच लावलीस ना?" संताप संताप व्हायचा नुसता. घासायचं मी आणि शिकवायचं ह्यांनी!

फडा म्हणजे केरसुणी. आमच्याकडे केरसुणी कुणी म्हणत नाही. रुपीबाई ही केळापूरच्या पलीकडच्या तांड्यावरची बंजारीण. नाल्याकाठच्या शिंदीची पानं कापून आणायची, वाळवायची, खिळ्यांवर विंचरून बारीक करायची आणि मुठीला अशी घट्ट वीण घालायची की वर्षभर एक पातं निसटायचं नाही. बाजारातला फडा घरातला कचरा काढतो त्याहून जास्त स्वतःचा पाडतो. रुपीबाईचा फडा मात्र फरशीच्या फटीत बसलेली काळी माती देखील ओढून बाहेर काढायचा. अकरा वर्षं, दर दिवाळीच्या आठ दिवस आधी, ती फडा घेऊन हजर. लक्ष्मीपूजनाला आम्ही तो पाटावर ठेवून हळदकुंकू वाहायचो आणि मगच वापरायला काढायचो.

एकसष्ट सालच्या दिवाळीला रुपीबाई आलीच नाही.

मी वसुबारसेपर्यंत वाट पाहिली. मग ह्यांनी बाजारातून एक फडा आणला, त्याची मूठ पहिल्याच खोलीत सुटली. दुसरा आणला, तो अंगणातून घरात येईपर्यंत वाटभर भुसा सांडत आला.

"अहो, ह्याला लक्ष्मी म्हणून पाटावर बसवू? आरती संपेपर्यंत अर्धा गळून जाईल."

"देवाला काय कळतंय त्यातलं?"

"देवाला कळत नसेल, मला कळतं!"

दुसऱ्या दिवशी हे कचेरीत गेल्यावर मी घराला कुलूप लावलं आणि मोटारीत बसले. तांड्याच्या फाट्यावर उतरून पुढे दोन मैल पायी. दिवाळीच्या तोंडावरचं ऊन, दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, सावलीला झाड नाही. घसा कोरडा पडला होता, पण रागाच्या भरात पाय उचलत होते. वाटेत मी रुपीबाईला काय काय सुनवायचं ते जुळवत होते. अकरा वर्षांच्या गिऱ्हाइकाला निदान निरोप तरी पाठवायचा!

तांड्यात शिरले तर तिच्या घरापुढे माणसं जमलेली. घोंगडीवर पागोटेवाले सात-आठ पुरुष बसले होते, मागे आरशांच्या घागऱ्यातल्या बायका. मधोमध पितळेचं ताट, त्यात गुळाची ढेप आणि नारळ. दिवाळीचं काही असेल म्हणून मी तिकडे लक्षच दिलं नाही. मला दिसली ती भिंतीला टेकून उभी असलेली रुपीबाई. मला पाहताच तिचा चेहरा उतरला आणि तिनं हळूच मान हलवली. मला वाटलं, फडा नाही म्हणतेय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"काहून गं रुपीबाई?" मी तिथूनच ओरडले. "अकरा वर्षं दारावर फडे विकायला येतेस, आणि यंदा ऐन दिवाळीत दडी मारून बसलीस? एक तरी बांधला आहेस की नाही माझ्यासाठी?"

घोंगडीवरचा पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा सावकाश माझ्याकडे वळला. मग त्यानं रुपीबाईच्या नवऱ्याला, रामलालला, त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. मला त्यातला फडा हा एकच शब्द कळला. रामलाल खाली मान घालून बसला.

रुपीबाईचा मुलगा खेमसिंग उठून माझ्याजवळ आला. नवं धोतर, नवं पागोटं.

"बाई, काय केलं हे तुमी? माही सगाई होऊन राह्यली इथं. ते शंकरसिंग, पोरीचे बाप. राळेगावकडून आले. दोन्हीकडच्याईनं गूळ खाल्ला की सोयरीक पक्की. अजून कोनी खाल्ला नाई."

"मग माझ्या फड्यानं काय बिघडलं?"

"त्याईले सांगतलं नवतं. आमी लदेणीवाले लोक, बाई. बैलावर मीठ अन् धान्य लादून आमच्या बुढ्यानं मुलूख पाह्यला. लोकाच्या दारावर फडे विकनं आमचं काम नाई. याडीले नाद होता." त्यानं आईकडे बोट केलं. "म्हनून यंदा म्या तिले बंद कराले लावलं. अन् तुमी चार मानसात येऊन सांगतलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यात जास्त राग माझाच आला. एका फड्यापायी मी एका पोराचं लग्न मोडायला निघाले होते. पण गप्प बसून निघून जाणं माझ्या स्वभावात नाही. बिघडवलंय तर आपणच दुरुस्त करू, असं म्हणून मी सरळ त्या म्हाताऱ्यापुढे जाऊन उभी राहिले.

"शंकरसिंगजी, ह्यात कमीपणा कसला? सबंध पांढरकवड्यात असा हात कुणाचा नाही. तिनं बांधलेला फडा आम्ही लक्ष्मी म्हणून पूजतो. पाटावर ठेवतो, कुंकू लावतो, घरातली सगळी त्याच्या पाया पडतात. अशी कामाची बाई ज्या घरात आहे त्या घरात तुमची मुलगी सुखात राहील. माझ्या मुलीला असं सासर मिळालं असतं तर मी डोळे मिटून दिली असती."

मी खरंच चांगलं बोलले. मागच्या बायका माना हलवू लागल्या. रामलालनं मान वर केली. रुपीबाईच्या तोंडावर मघाचा रंग परत आला, आणि शंकरसिंगांनी ताट थोडं आपल्याकडे ओढून घेतलं. मला वाटलं, जमलं.

"फड्याले मान देता तुमी, चांगलं हाय," शंकरसिंग म्हणाले. आवाजात राग अजिबात नव्हता. "अन् या बाईले किती देता?"

"हिला? अहो, हिला तर आम्ही घरच्यासारखी..."

"दूरून आल्या तुमी. उनाच्या आल्या, घसा सुकला असंल." त्यांनी वळून पाहिलं. "रुपीबाई, पानी दे त्याईले. तुह्या हातानं दे."

रुपीबाई आत गेली आणि पाण्यानं भरलेला लोटा घेऊन आली. राखेनं घासून इतका लख्ख केलेला लोटा माझ्याही घरात नव्हता. तिनं तो माझ्यापुढे धरला. काठावरून पाण्याचे दोन थेंब तिच्या बोटांवर ओघळले.

घरात कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या हातचं नाही, हे मला कुणी बसवून शिकवलं नव्हतं. शिकवावं लागत नाही. मला तहान लागली होती, अशी की डोळ्यांपुढे अंधारत होतं. हात पुढे करायचा आणि लोटा घ्यायचा, एवढंच होतं. सगळे माझ्या हाताकडे पाहत होते. आणि माझा हात पदराशी चाळा करत राहिला.

फार वेळ नाही, एखादा श्वास घ्यायला लागतो तेवढाच. मग मी हात पुढे केला. देवाशपथ सांगते, केला. पण तोवर रुपीबाईनं लोटा मागे घेतला होता.

"बाईचा आज कडक उपास हाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "त्या पानी बी घेत नाईत. मले मालूम हाय, म्याच भुलली."

माझ्यासाठी ती खोटं बोलली. तेही अशा वेळी, की मी नुसता एक घोट घेतला असता तर तिचं घर वाचलं असतं. मी "उपास नाही" असं म्हणायला तोंड उघडलं, पण तिनं माझ्याकडे असं पाहिलं की ते तसंच मिटलं.

शंकरसिंगांनी ताट होतं तिथं परत सरकवलं. ते उठले, तशी त्यांची माणसंही उठली. कुणी भांडलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. रामलाल त्यांच्या मागे हात जोडत थोडा चालत गेला आणि कडुनिंबाखाली थांबला. खेमसिंगनं डोक्यावरचं नवं पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि तो त्याचे पदर सोडवत बसला. गुळावर माश्या बसायला लागल्या होत्या.

"जा बाई तुमी," रुपीबाई म्हणाली. "मोटार चुकंल."

दोन मैल मी कशी चालले ते आठवत नाही. फाट्यावर चहाचं एक हॉटेल होतं. बाकावर बसले आणि पाणी मागितलं. आतल्या माणसानं पेला आणून दिला. एक प्यायले, दुसरा मागितला, तोही प्यायले. देणारा कोण, कुठला, हे मी विचारलंसुद्धा नाही.