एसीचं वायरिंग

माझं लग्न झालं तेव्हा आमच्या ह्यांनी नुकतीच पिकअप घेतली होती आणि त्यांच्या डोक्यात एसीचं खूळ शिरलं होतं. त्या काळी, नव्वदच्या दशकात, माझ्या सासरी, भवानीनगरला, एसी असायचा तो साखर कारखान्याच्या साहेबांच्या गाडीत. कांदा वाहणाऱ्या पिकअपमध्ये तो कोण बसवतो? ह्यांनी मात्र पुण्यातून मोडीतल्या मोटारीचा एसी उचलून आणला. वायरिंगला माझे वडील होतेच. अप्पा सोमेश्वरनगरला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे दिवे जोडून द्यायचे.

त्या दिवशी अप्पांकडे लाल वायरचं एकच बंडल होतं. त्यांनी पंखा, स्विच, कॉम्प्रेसर सगळं लालच जोडलं. हवा गार यायची, पण वायर कुठली कुठं जाते हे अप्पांशिवाय कुणाला उमगत नसे, आणि एसी बिघडायचा वरचेवर. मग गाडी सोमेश्वरनगरला, आणि गाडीत मी. अप्पा डॅशबोर्डखाली डोकं घालून बसत, आई थालीपीठ लावी, मी दोघांशी पोटभर बोलत राही. फार सुखाच्या होत्या त्या खेपा.

एकदा माझा दीर अप्पांच्या तोंडावर म्हणाला, हे वायरिंग हाय का शेवया? दिराला मी पुढं आठवडाभर शिळी भाकरी वाढली. अप्पांनी सगळी लाल वायर उपटली, बारामतीहून रंगीत आणवली आणि पंख्याला निळी, कॉम्प्रेसरला हिरवी असं देखणं काम करून दिलं. लेकीची मान खाली जायला नको म्हणून.

त्यानंतर एसी बिघडलाच नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, कारखाना सुरू झाला, तरी हा आपला चालूच. मला त्याचा असा राग यायचा! सणाला माहेरी जायचे, पण सणाचं घर भरलेलं, अप्पांशी दोन शब्द व्हायचे नाहीत. त्यांची आठवण आली की मी चुलीपुढं गुपचूप रडून घ्यायचे. सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायचे, बघायच्या आणि निघून जायच्या. बाई तशी कडकच.

एका बाजारच्या दिवशी हे माल उतरवत होते आणि आत्याबाई एकट्याच गाडीत बसल्या होत्या. परत निघाले तर एसी बंद. घरी आल्यावर हे म्हणाले, इंदापूरला दाखवतो, रंगीत वायर कुणालाही कळेल. आत्याबाईंनी ऐकलं नाही.

"ज्यानं जोडलाय त्याच्याकडंच न्या. आन् हिलाबी न्या. ऱ्हाऊ द्या दोन दिस."

अप्पांनी डॅशबोर्डखाली हात घातला. निळी वायर बाहेर ओढून तिचं टोक निरखून पाहिलं. मग मला जवळ बोलावलं.

"सारजा, ही सुटली न्हाय, कुणीतरी वढून काढलीया. गाडीत कोण बसलं हुतं?"

मी सांगितलं. अप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले. वायर पुन्हा खोचली, पण स्क्रू काही आवळला नाही.

"जरा ढिलीच ठिवतो," ते म्हणाले. "इहीणबाईंच्या बोटास्नी तरास नगं."