मला नकारघंटा म्हणतात

मी कॉलेजच्या ग्रंथालयातला, दाराशेजारचा संगणक बोलतोय. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते मला विचारायचं. पोरं मात्र मला नकारघंटा म्हणतात. उभ्या उभ्या काहीतरी टाइप करतात, मी 'एकही नोंद सापडली नाही' म्हटलं की "बघ, म्हटलं नव्हतं?" करत निघून जातात. माझा जीव नुसता तडफडतो. कारण पुस्तक असतं, मागच्या कपाटात धूळ खात पडलेलं असतं. पण मला विचारलं तेवढंच सांगता येतं.

आधी मी प्रवेशाच्या ऑफिसात होतो. तिथे सुखात होतो म्हणा ना. नाव, वर्ग, तुकडी, झालं काम. मग तिथे नवा संगणक आला आणि माझी उचलबांगडी झाली. ग्रंथपाल मॅडमनी माझ्यात सगळ्या पुस्तकांच्या नोंदी भरल्या, आणि तेव्हापासून मला स्वस्थता म्हणून नाही.

मॅडम दर वर्षी नव्या मुलांना ग्रंथालय दाखवायच्या. इथे मासिकं, तिथे संदर्भग्रंथ, आत खायला काही आणायचं नाही, आणि हा संगणक. एवढीच माझी ओळख. मुलं जांभया द्यायची, कुणी पंख्याखालची खुर्ची पकडून डुलकी काढायचा.

त्या जांभया देणाऱ्यांत एक मुलगी होती. वर्षभराने तिच्यावर प्रकल्प लिहायची वेळ आली. माझ्यासमोर उभी राहून ती मैत्रिणीशी बोलत होती, म्हणून मला कळलं. तिच्या वडिलांनी उभा जन्म कापडाच्या कारखान्यात, मागांच्या खडखडाटात काढला. आता त्यांना ऐकू येत नाही. घरात सगळे ओरडून बोलतात, शेजाऱ्यांना वाटतं रोजच भांडण. आणि आता तिचा मोठा भाऊ त्याच कारखान्यात लागला होता.

"दादा घरी आला की टीव्हीचा आवाज वाढवतो गं," ती म्हणाली. "आई हसते. मला काही हसू येत नाही."

तिला याच विषयावर लिहायचं होतं. प्रकल्पाच्या सरांनी अट घातली होती की शुक्रवारपर्यंत नीट संदर्भ दाखव, फोनवरचं काहीबाही चालणार नाही, नाहीतर मी देईन तो विषय घे.

शुक्रवारी दुपारी ती एकटीच आली. 'मागावर काम करून कान का जातात' असं अख्खं वाक्य तिने टाइप केलं. अशा नावाचं पुस्तक कोण लिहिणार? मी नाही म्हटलं. मग तिने टाकलं, 'कानाचे आजार'. हे माझ्याकडे होतं. पण तिच्या आधी आलेला एक घाईबहाद्दर शोधाचा पर्याय 'लेखक'वरच सोडून गेला होता. म्हणजे मी आता लेखक शोधत होतो, नाव कानाचे, आडनाव आजार. अगं, बाजूला बघ, तो शब्द बदल, असं मला ओरडावंसं वाटत होतं. मी कर्सर लुकलुकवत राहिलो, दुसरं काय करणार?

"इथेही काही नाही," ती पुटपुटली आणि तिने बॅग उचलली. जाता जाता मॅडमच्या टेबलावर जुनं पुस्तक परत केलं. "मॅडम, मी विषय बदलतेय. तुमच्याकडे काहीच नाही त्यावर."

मॅडमना ते झोंबलं. "काहीच नाही म्हणजे? काय टाकलंस?"

"सगळं टाकून बघितलं."

"चल, माझ्यासमोर टाक."

तिने पुन्हा टाकलं. मॅडमनी पडद्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं बाळा, तू लेखक शोधतेयस." त्यांनी पर्याय बदलून 'विषय' केला. मी अगदी उतावळा झालो होतो, पण त्या खुर्ची ओढून निवांत बसल्या. "घरी आपण कान गेले म्हणतो. पुस्तक लिहिणारा काय म्हणेल?"

"बहिरेपणा?"

"अजून?"

"श्रवणदोष."

"तुझ्या बाबांना काय म्हणेल?"

"कामगार."

"आणि त्या खडखडाटाला?"

"गोंगाट. नाही, ध्वनी."

"हे सगळं लिहून काढ आणि दोन-दोन शब्द घेऊन बघ. वाक्य नको."

'कामगार बहिरेपणा'ला मी नाही म्हटलं. ती हलली नाही. 'कामगार ध्वनी' टाकलं आणि मी पुस्तकाचं नाव, कपाट, सगळं एका दमात सांगून मोकळा झालो.

"तेवढंच उचलून येऊ नकोस," मॅडम म्हणाल्या. "शेजारची पुस्तकंही चाळ, आणि शेवटी त्यांनी कुठले संदर्भ दिलेत ते बघ."

ती समोरच्याच टेबलावर वाचायला बसली. वाचता वाचता तिचा चेहरा उतरत गेला. मग उठून पुन्हा माझ्याकडे आली. 'श्रवणदोष उपचार'. 'बहिरेपणा बरा'. विषय, शीर्षक, सगळे पर्याय स्वतःच बदलून तिने पाहिले. मी कानाकोपरा धुंडाळला. यंत्र लावून थोडंफार ऐकू येतं, एवढंच निघालं. बाबांचे गेलेले कान परत येतील असं सांगणारं माझ्याकडे काही नव्हतं.

"अजून कुठला शब्द टाकू, मॅडम?"

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "नको आता. हे नाही म्हणजे खरंच नाही."

मी आजवर हजारो वेळा नाही म्हटलं असेल. इतकं जड कधी गेलं नाही.

मग ओढणीने डोळे पुसून तिने टाकलं, 'कामगार श्रवण संरक्षण'. दोन पुस्तकं निघाली. कपाटापाशी उभ्यानेच तिने पानं उलटली आणि तिथेच, फोनला बंदी असल्याच्या पाटीखाली, भावाला फोन लावला. मॅडम खाली मान घालून पुस्तकांवर शिक्के मारत राहिल्या.

"दादा, पाळीवर गेलास का? मग थांब, आत जाऊ नकोस. कानात घालायचं मिळतं, मी घेऊन येते. कापसाने नाही भागत, इथे लिहिलंय. कारखान्यातले हसले तर हसू दे त्यांना." मग तिचा आवाज बारीक झाला. "बाबांचं आता नाही रे होणार काही. तुझे आहेत अजून."

ती धावतच गेली. विषय तोच राहिला, हे मला पुढे मॅडमकडून कळलं.

आता मॅडम नुसतं ग्रंथालय दाखवत नाहीत. प्रत्येकाला त्याच्या घरातला एखादा प्रश्न आणायला सांगतात, माझ्यासमोर बसवतात आणि तो दोन-चारदा आपटल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. माझीही निघायची वेळ झालीय. कळा झिजल्या, पडद्यावर रेघ उमटली, लवकरच मला इथून हलवतील. माझ्या जागी कुणीही येवो, त्याने नाही म्हटलं तर तेवढ्यावर उठू नका. शब्द बदला, पुन्हा विचारा. तुम्ही उठून जाता तेव्हा तुमच्या घरातलं कुणीतरी कामावर निघालेलं असतं, आणि त्याला उपयोगी पडेल ते आत कपाटात पडून असतं.