जास्वंदीचा खटला

साताऱ्याच्या कोर्टात मी बत्तीस वर्षं कारकुनी केली. आरोपींची नावं मी लिहायचो. आणि सत्तराव्या वर्षी अमेरिकेत त्या जागी माझंच नाव, गुरुनाथ, तेही चोरीसाठी!

झालं एवढंच, की फ्रीमाँटपलीकडे मुलाच्या छोट्या गावात सकाळी फिरायला गेलो आणि सार्वजनिक बागेतून पूजेसाठी जास्वंदीची सात फुलं तोडली. आपल्याकडे कोण विचारतं? इथे पोलिसाने कागद हातात ठेवला: काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कोर्टात हजर व्हा.

"बाबा, सिंपल आहे," ईशान म्हणाला. "गिल्टी म्हणा, फाइन भरू, मॅटर क्लोज. मला त्या दिवशी ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे."

माझं डोकंच फिरलं. "तुझ्या बापाने स्वतःला चोर म्हणायचं? आणि पुढच्या वर्षी व्हिसा मागताना काय लिहू?"

सुनेला, इशिताला, सातवा महिना होता. नातवंडाच्या पहिल्या वाढदिवसाला मला परत यायचं होतं. इथली केंद्राची कोर्टं वेगळी, राज्याची वेगळी, हे खरं; पण व्हिसा देणारं सरकार केंद्राचं, आणि ते राज्याच्या कोर्टातला निकाल वाचल्याशिवाय राहणार नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

मी चष्मा लावून पोलिसाचा कागद वाचायला बसलो. कलम राज्याच्या दंडसंहितेतलं होतं. पण बाग तर गावाची! मग आपल्या नगरपालिकेसारखे गावाचेही नियम असणारच. इशिताने वेबसाइटवर शोधलं आणि सापडलं: बागेतली फुलं तोडणं हा नियमभंग. त्याला फक्त दंड, गुन्हेगार म्हणून नोंद नाही.

तारखेच्या दिवशी त्या नियमाचा छापील कागद मी कोर्टाने दिलेल्या वकीलबाईंच्या हातात ठेवला. त्यांनी तो सरकारी वकिलांना दाखवला. दोघं थोडा वेळ बोलले आणि चोरीचं कलम मागे घेऊन गावाच्या नियमाचं लावलं गेलं. न्यायाधीशांनी विचारल्यावर मी माझ्या सातारी इंग्रजीत ठणकावून सांगितलं, "फुलं तोडली, साहेब. गावाचा नियम मोडला, कबूल. चोरी केली नाही."

त्यांनी दंड लिहिला आणि पुढचं नाव पुकारलं.

पार्किंगमध्ये ईशान गाडी सुरूच करेना. "बाबा, रिलीजच्या नादात मी तुम्हाला चोर म्हणवून घ्यायला सांगत होतो. सॉरी."

मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

"कबुली दिलीस, केस बंद," मी म्हटलं. "आता शिक्षा ऐक. जास्वंदीची कुंडी घे आणि वर्षभर पाणी घाल. पुढच्या वर्षी नातवंडाला कडेवर घेऊन मी घरचं फूल तोडणार आहे."