देवळाच्या रेघेतलं पाणी

मला पोहता येतं. हे मी हल्ली कुणालाही सांगते, विचारलं नसलं तरी. मागच्या उन्हाळ्यात पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या, तरंगत्या लाकडाचा बिंडा बांधून मी काठाकाठानं नुसती पाणी उडवत होते. या उन्हाळ्यात बुडी मारून तळाची माती मुठीत घेऊन येते. म्हणून आबा म्हणाले, "शेफे, यंदा देवीचं पाणी तू आणायचं," तेव्हा मी अंगणातच एक उडी मारली.

हे काम साधं नाही. जत्रेच्या सकाळी आमच्या वाघजाईची आंघोळ झऱ्याच्या पाण्यानं होते. दुसरं पाणी चालत नाही. म्हणजे ठकूआजी चालूच देत नाहीत, आणि देवीची पूजा त्यांच्याकडे. झऱ्याचं पाणी नसलं तर पालखी उठायची नाही, म्हणतात. पण झरा आता धरणाच्या पोटात. गुंजवणीचं पाणी चढलं तेव्हा आमची वाडी वर सरकली आणि झरा खालीच राहिला. त्याची खूण मात्र सगळ्यांना पाठ आहे : समोर ओढ्याचं तोंड दिसलं पाहिजे आणि मागे गडाचं नेढं, म्हणजे कड्यातलं आरपार भोक, न् देवळाचा कळस एका रेघेत आले पाहिजेत. आबा दरवर्षी होडीतून जायचे, रेघ धरायचे आणि तिथं कळशी बुडवायचे. यंदा त्यांचा खांदा धरलाय. वल्हं माझ्या हातात, कळशी त्यांच्या मांडीवर.

"डावीकडं. आजून. आगं, वल्हं हाय का उलथनं? हां... थांब."

मी वळून पाहिलं. नेढं, कळस, रेघ. एकदम बरोबर.

"आबा, वरवरचं कशाला भरायचं? मी खाली जाऊन झऱ्याच्या तोंडातूनच आणते." शाळेची पाण्याची बाटली मी त्यासाठीच आणली होती.

"आजवर कुनी तसं केलं न्हाई."

"आजवर मला पोहता येत नव्हतं."

"ठावं हाय. समद्या तालुक्याला ठावं हाय. मार बुडी."

मी मारली. खाली चिखल. कोमट, मऊ, बोटांतून निसटणारा. झरा असा असतो? वर आले.

"झरा नाही आबा."

"असंल की! दगडाचं कुंड हाय. म्होरं गाईचं तोंड. नीट बघ."

पुन्हा गेले. या वेळी हाताला दगडमातीचा लांब उंचवटा लागला. त्याला धरून धरून पुढे गेले, तर तो काटकोनात वळला. वर येऊन मी होडीला लटकले.

"बांध आहे. खाचराला असतो तसा."

"बांद? झऱ्याजवळ कुटला बांद?"

मला वाटलं, मलाच बुडी नीट जमत नसेल. पाण्यात दिशा तर चुकत नाही ना? मी डोळ्यांतलं पाणी पुसून परत रेघ बघितली. नेढं तिथंच, कळस तिथंच. पत्र्याचा सभामंडप, गुलाबी रंग, सगळं नवंकोरं.

"आबा, देऊळ आधीपासून इथंच होतं?"

"येडी का काय? जुनं देऊळ वाडीबरोबर पान्यात गेलं. ह्ये आपुन वर आल्यावर नवं..."

आम्ही दोघंही देवळाकडे बघत बसलो.

"मग रेघ कुठल्या देवळाची?" मी विचारलं.

"देवळाची."

"पण कुठल्या?"

"आगं देवळाची म्हंजे... देवळाचीच की!"

आबा एकदा कळसाकडे, एकदा पाण्याकडे बघत होते. मग त्यांनी एक बोट दाखवलं, मग दुसरीकडेच दाखवलं. "जुनं हितं व्हतं. का तितं? पानी समदं सारकंच दिसतंय गं." इतकी वर्षं देवीनं कशानं आंघोळ केली? आणि पालखी तर दरवर्षी उठलीच की!

तेवढ्यात गोरखकाका फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळं काढत आले. "काय हरवलं, कोंडिबा?"

"झरा," मीच सांगितलं.

काका खो खो हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्या वठलेल्या उंबराच्या अलीकडं बघ. ह्या दिसांत मोटा मासा तितंच बसतो. तळाला गारवा असनार. पर कुनाला बोलू नको, माजं पोट हाय त्याच्यावर."

मी पोहत निघाले, मागून आबा एका हातानं होडी रेटत. उंबराच्या अलीकडे अचानक पाय गार पडले. छातीला कोमट पाणी, पायाला बर्फ! बुडी मारली. तळाला वाळू होती आणि ती पायाखाली सळसळत होती, जिवंत असल्यासारखी. एका घडीव दगडाची कड हाताला लागली. गाईचं तोंड काही सापडलं नाही. तोच झरा का, माहीत नाही. पण बाटली तिथंच उघडली, पुन्हा पुन्हा बुडी मारून कळशी भरली.

काठावर ठकूआजी हळदकुंकू घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी कळशीत बोटं बुडवली आणि चटका बसल्यासारखी काढली.

"ह्ये आपलं पानी न्हाई. लई गार हाय."

"आजी, गार आहे म्हणूनच तर..."

"तू गप. दरसाली मी माज्या हातानं आंगूळ घालती. आपलं पानी कसं कोमट असतं. कोंडिबा, पोरीच्या नादानं कुटलं आनलंत? पालखी न्हाई उठायची."

एवढ्या बुड्या, आणि खरं पाणीच खोटं ठरलं! मी बोलले तर आबा खोटे पडणार, गप्प बसले तर मी. मी आबांकडे पाहिलं. ते चपलेतलं पाणी झटकत होते. बराच वेळ झटकत होते.

"पोरीचं पानी खरं हाय, ठकूबाई," ते शेवटी म्हणाले. "मीच नव्या देवळाची रेघ धरीत व्हतो. माजं देऊळ चुकलं."

ठकूआजींनी कळशीकडे पाहिलं, मग वर देवळाकडे. मला वाटलं, आता रडतात की ओरडतात.

"मग आता?" त्या म्हणाल्या. "देवीला कोमट पान्याची सवं झाली असंल. येकदम ह्ये गार वतलं तर?"

त्यांनी कळशी उचलून आपल्या पायाशी ठेवली.

"आसं कर शेफे. ही कळशी ऱ्हाऊ दे. आन् येक कळशी दरसालच्या जागचीबी आन. दोनी वतू."

"पण ती जागा चुकीची आहे ना!"

"मग? पालखी उठत व्हतीच की."

मी गोंधळून परत होडीत बसले. नेढं, कळस, रेघ. मी कळशी बुडवणार इतक्यात आबा म्हणाले, "वरचं कशाला? खालून आन."

"आबा, खाली नुसता चिखल आहे."

"आसू दे. त्यो बांद लागला न्हवं तुला? त्यो जितं वळतो, त्याच्या आतल्या अंगाला जा." आबा पाण्याकडे बघत होते. "तितं माज्या खाचरात इंद्रायणी भात लई झ्याक यायचा."

मी बाटलीचं झाकण घट्ट केलं आणि बुडी मारली.