वर घातलेली तेरावी टोपी

मी टोपी बोलतेय. डोक्यावरची नव्हे, रॉकेटवरची. वीतभरही नाही मी, पण लालभडक, आणि मागे लांब फीत. रॉकेट तळावर उभं असतं तेव्हा त्याच्या अंगावरच्या हवेच्या भोकांत धूळ, किडे जाऊ नयेत म्हणून आम्हाला चढवतात आणि उड्डाणाआधी उतरवतात. एखादी उतरवायची राहिली तर वर जाताना आतली हवा कोंडते आणि रॉकेट फुटतं. त्यामुळे आमचा तोरा काही कमी नसतो.

माझा जन्म होक्काइदोच्या किनाऱ्यावर, फुमिएसानच्या शिवणयंत्रावर झाला. एरवी ती थंडीत वासरांना घालायची जाकिटं शिवते. गावातल्या छोट्या रॉकेट कंपनीने तिला बारा टोप्या सांगितल्या. पण मोजून तेवढ्याच हातावर ठेवायचं तिच्या जिवावर आलं. आमच्याकडे बटाटेवालासुद्धा दोन बटाटे वर घालतो. म्हणून तिने तेरावी शिवली, ती मी. पांढरा दोरा संपला होता, त्यामुळे माझी शिवण पिवळी.

पुडकं सोडलं कंपनीतल्या चिनात्सुने. तिने बारा जणींना रॉकेटवर चढवलं आणि मला, कोणाला काही न सांगता, हत्यारांच्या पिशवीत टाकलं. पान्यांच्या शेजारी माझं छान चाललं होतं.

उड्डाणाच्या दोन तारखा वाऱ्याने खाल्ल्या आणि शेवटची उरली. दुसऱ्या दिवसापासून सॅमन माशांचा हंगाम. ठरल्याप्रमाणे बर्फ पडेपर्यंत समुद्र कोळ्यांचा, त्यावरून रॉकेट सोडायचं नाही. आज नाही, तर थेट पुढच्या वर्षी.

इथली माणसं काम झालं की त्याकडे बोट दाखवून मोठ्याने ‘ठीक’ म्हणतात, एकटी असली तरी. मला आधी त्याचं हसू यायचं. त्या सकाळी चिनात्सुने गार वाऱ्यात घाईघाईने शिडीवर चढून टोप्या काढल्या, मी होते त्याच पिशवीत कोंबल्या आणि खोलीत येऊन फळीवरच्या बारा खुंट्यांना अडकवल्या. मग एकेकीकडे बोट दाखवत ती बारा वेळा ‘ठीक’ म्हणाली. बाराव्या खुंटीवर मी होते. म्हणजे माझी एक बहीण अजून रॉकेटवरच होती! बोट दाखवायचं भोकांकडे, ते हिने दाखवलं खुंट्यांकडे. पण मी सांगणार कशी?

उड्डाण बघायला गावकऱ्यांना बोलावलं होतं. फुमिएसान फळीपुढे थांबली, मला बघून ओशाळली आणि कंपनीचे प्रमुख ओदाजिमासान यांच्यापुढे वाकली.

“माफ करा, एकीची शिवण पिवळी झालीय. बरं दिसत नाही ते.”

“असू दे हो, काही बिघडत नाही,” घड्याळाकडे बघत ते म्हणाले आणि वळले.

पण माफी अर्धी सोडणाऱ्यांतली फुमिएसान नव्हे. ती त्यांच्या मागोमाग गेली. “ती वर घातलेली आहे ना, म्हणून. तुमच्या बारा अगदी एकसारख्या आहेत.”

ओदाजिमासान जागीच थबकले. “वर घातलेली? एकूण किती दिल्या होत्यात?”

“तेरा.”

शेजारी उभ्या चिनात्सुने ते ऐकलं. “मागच्या बाजूची राहिली,” एवढंच म्हणून ती शिडीकडे धावत सुटली. इंधन भरायचं बाकी होतं म्हणून बरं.

उड्डाण तासभर लांबलं, पण दिवस हातचा गेला नाही. रॉकेट सुखरूप वर पोहोचलं. सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते आणि चिनात्सु कोपऱ्यात रडत होती. तिने राजीनामा पुढे केला, तेव्हा ओदाजिमासाननी तो हातातही घेतला नाही. ते म्हणाले, “जिची एकदा राहिलीय, तिच्याइतकं जपून कोण उतरवणार?”

आता मी दाराजवळ वेगळ्या खिळ्यावर असते. रॉकेटवर मला कोणी चढवत नाही आणि मला त्याची खंतही नाही. चिनात्सु हल्ली भोकांकडे बोट दाखवते, तेही दोनदा.

एक मागणं मात्र आहे. कोणी माफी मागायला आलं की समोरच्याला अवघडायला नको म्हणून तुम्ही लगेच ‘असू दे’ म्हणता. जरा थांबा, त्याचं बोलणं पुरतं होऊ द्या. त्या दिवशी फुमिएसान पहिल्या ‘असू दे’वर गप्प बसली असती, तर मी आहे तशीच राहिले असते, माझ्या बहिणीला मात्र कोळ्यांच्या जाळ्यांत शोधावं लागलं असतं.