घंटेच्या गुहेचा बेत

माझा भाऊ ओरेस्तेस इतक्या वर्षांनी समुद्रापलीकडच्या टॅम्पाहून सुट्टीला घरी आला, तो फुगलेल्या बॅगा, एक कोलंबियन बायको आणि एक बेत घेऊन. बॅगा त्याने आल्या आल्या उघडल्या. साबण, डोकेदुखीच्या गोळ्या, पापासाठी बूट, माझ्यासाठी एक जीन्स, जी मला विशीत असताना झाली असती. बेत मात्र दुसऱ्या दिवशी जेवताना काढला.

"पापा, शुक्रवारी आपण घंटेच्या गुहेत जायचं. सगळ्यांनी."

पापाने भाताचा चमचा तसाच हवेत धरला. मी विचारलं, "कसं जायचं? पोहत?"

"हॉटेलची मोठी बोट जाते ना रोज. तिकिटं काढून झाली. चौघांची."

"त्या बोटीवर आपल्याला घेत नाहीत, ओरेस्तेस. ती परदेशी पाहुण्यांसाठी असते. तू गेलास तेव्हाही घेत नव्हते आणि आजही घेत नाहीत."

"तिकीट काढताना कोणी काही विचारलं नाही, इदालमिस."

"कारण काढायला तू गेला होतास. तुझ्या अंगाला अत्तराचा वास मारतोय. तुला कोण विचारणार?"

घंटेची गुहा आमच्या गावाच्या पूर्वेला आहे, जवळच, पण जमिनीवरून तिथे वाट नाही. लाट आत शिरली की खडकाच्या पोटातून घंटेसारखा आवाज येतो. पापा तरुणपणी तिथे वल्हवत जायचा. आईला त्याने लग्नाचं तिथेच विचारलं. आई म्हणायची, हो म्हटलं, कारण परत यायला दुसरी बोट नव्हती.

पापाची स्वतःची बोट होती तेव्हा, आणि मासेमारीचा परवाना. मग चौऱ्याण्णवचा ऑगस्ट आला. अर्धा किनारा जे काही तरंगेल त्यावर बसून देश सोडून उत्तरेकडे निघाला होता. एके दिवशी सकाळी बोटही जागेवर नव्हती आणि ओरेस्तेसही. पापाला चौकीवर बोलावलं, मग पुन्हा बोलावलं. बोट तुम्हीच दिलीत ना पोराला? हो म्हणावं तर तुरुंग, नाही म्हणावं तर पोरगा चोर. पापाने सांगितलं, मीच दोर नीट बांधला नव्हता, बोट वाहून गेली, पोराचं मला ठाऊक नाही. परवाना गेला. त्यानंतर तो बेकरीवर रखवालदार झाला. समुद्रात शिरला तो फार तर घोट्यापर्यंत.

यातलं काहीही आमच्या घरात बोललं जात नाही. ओरेस्तेस नाताळाला फोन करतो, पापा "इकडे सगळं छान" म्हणतो, मी शेजारी उभी राहून दात आवळते.

म्हणून गुहेचं नाव निघाल्यावर मला लगेच कळलं. तो बोट परत करायला आला होता. एका दिवसापुरती का होईना. मला हसू आलं, राग आला, आणि मग पापाचा चेहरा दिसला. त्याने चमचा खाली ठेवला होता आणि टेबलावर बोटाने किनारा काढत होता. हे आमचं गाव, हा भूशिराचा कोपरा, इथून आत. "पश्चिमेचा वारा असेल तर आत जाता येत नाही," तो म्हणाला. "पण शुक्रवारी नसणार." मी तोंड बंद केलं. मला ते जमत नाही, गल्लीत कोणालाही विचारा.

अडचण सोडवली ती माझ्या भावजयीने, मार्सेलाने. तिला हे सगळं एखाद्या मालिकेसारखं वाटत होतं. "सोपं आहे," ती म्हणाली. "तुम्ही सगळे माझ्या माहेरचे. पापा माझे काका, इदालमिस माझी चुलत बहीण. बारान्किल्याहून आलोय. आमच्याकडचे लोकही शब्द असेच अर्धे गिळतात, कोणाला कळणार नाही."

मग रोज संध्याकाळी अंगणात शिकवणी सुरू झाली. मार्सेला मास्तरीण, पापा पहिल्या बाकावर.

"काका, सकाळी काय खाता?"

"काही नाही. कॉफी."

"अहो, तिकडे मक्याची भाकरी खातात!"

"बरं, मक्याची भाकरी. लोणी लावून?"

"लावा की. आता कोणी विचारलं, कसे आहात?"

"लढतोय," पापा म्हणाला.

ओरेस्तेस खुर्चीवरून पडायचाच बाकी होता. मीसुद्धा हसले. या बेटावर कोणालाही कसं चाललंय विचारा, तो लढतोय असंच सांगणार. कशाशी, ते विचारायचं नसतं.

"लढतोय म्हणालात की संपलं!" मार्सेला ओरडली. "म्हणायचं, छान, देवाच्या कृपेने."

"देवाला कशाला मध्ये आणायचं?"

"कोलंबियात आणतात."

पापाने ते पाठ केलं. दाढी करताना म्हणायचा, बेकरीला निघताना म्हणायचा. छान, देवाच्या कृपेने. छान, देवाच्या कृपेने. इतक्या आनंदात मी त्याला आई गेल्यापासून पाहिला नव्हता. आणि आनंद झाला की या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही. न्हाव्याला सांगितलं, बेकरीत सांगितलं, कोपऱ्यावरच्या डॉमिनोच्या टेबलावर सांगितलं. समोरच्या नीवेसलासुद्धा सांगितलं, जी गल्लीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी समितीची प्रमुख आहे आणि कोणाच्या घरी कोणतं तेल तळायला वापरलं हे वासावरून सांगते.

"पापा, हे गुपित आहे!" मी त्याला झापलं.

"गुपित बोटीचं आहे," तो म्हणाला. "मुलगा मला घंटेला नेतोय, यात गुपित काय?"

त्याला तेच सांगायचं होतं. मुलगा नेतोय. इतकी वर्षं डॉमिनोच्या टेबलावर त्याच्याकडे बोट घालवलेला माणूस म्हणून बघत होते. फक्त एक बजावलं, "ओळखपत्र घरी ठेवायचं. कोलंबियन माणसाच्या खिशात आपलं ओळखपत्र नसतं."

"एवढं कळतं मला."

शुक्रवारी वारा खरोखरच पडला होता. मी क्रोकेता तळल्या, ऑम्लेट घालून पाव बांधले. बोटीवर जेवण असतं, असं मार्सेला म्हणाली. असू दे. पापाने ओरेस्तेसचा पोपटांचा शर्ट घातला, नवे बूट घातले, आणि ओरेस्तेसने स्वतःचा काळा चष्मा त्याच्या नाकावर ठेवला. "बघ, कसा पक्का परदेशी दिसतोय!" खरंच दिसत होता. आम्ही भाड्याच्या जुन्या शेवरले गाडीत बसत असताना नीवेसने दारातून हात हलवला आणि पापाने राजासारखा परत हलवला.

धक्क्यावर पांढरी बोट उभी होती. रांगेत आमच्यापुढे उन्हाने लाल झालेले जर्मन होते. फळीजवळ गणवेशातला एक पोरगेला शिपाई तिकिटं बघत होता. पासपोर्ट तो कोणाकोणाला विचारत होता, सगळ्यांना नाही. जर्मनांना नाही विचारला. आमची पाळी आली. मार्सेलाने गाणं म्हटल्यासारखं त्याला काहीतरी सांगितलं, चारही तिकिटं दिली. त्याने ती फाडली. चारही. अर्धी परत दिली. मी हे मुद्दाम सांगते, कारण आम्ही पार झालो होतो. एक पाऊल राहिलं होतं.

"कसे आहात, काका?" शिपायाने पापाला विचारलं. चौकशी नव्हती ती. म्हाताऱ्या माणसाला विचारतात, तसंच.

"छान, देवाच्या कृपेने," पापा म्हणाला. अगदी बिनचूक. आणि म्हणता म्हणता त्याचा हात मागच्या खिशात गेला, ओळखपत्र काढलं आणि शिपायाच्या हातात ठेवलं.

कोणी मागितलं नव्हतं. पण आयुष्यभर गणवेशातल्या माणसाने तोंड उघडलं की पापाचा हात त्या खिशात गेला आहे. बसमध्ये, बाजारात, आईच्या अंत्ययात्रेतसुद्धा. आमच्यापैकी कोणाचाही गेला असता. माझं ओळखपत्र घरी होतं, तरी माझाही हात पिशवीपर्यंत गेलाच होता.

शिपाई ओळखपत्राकडे बघत राहिला. मला वाटतं, त्यालाही ते परत द्यायचं होतं, पण मागे त्याचा साहेब उभा होता. शिपायाने बाकीच्यांचे पासपोर्ट मागितले; ते फक्त ओरेस्तेस आणि मार्सेलाकडे होते.

"माफ करा, आजोबा," तो म्हणाला. आता काका नाही. "हे दोघं जाऊ शकतात. तुम्ही आणि ताई नाही."

ओरेस्तेसने वाद घातला. तिकिटं दाखवली, साहेबाशी बोलला, हात जोडले, आवाज चढवला. साहेब विनम्र होता. भिंतीशी बोलावं, तसं चाललं होतं. बोटीचा भोंगा वाजला. मागची रांग चुळबुळू लागली. मार्सेला हळूच म्हणाली, "आपण रविवारी निघतोय, ओरे. परत कधी येणार?"

मी माझ्या भावाकडे बघत होते. मनात म्हणत होते, नाही म्हण. एकदा नाही म्हण, आपण चौघं धक्क्याच्या भिंतीवर बसून पाव खाऊ, मी सगळं विसरेन. बोटीचं, चौकीचं, सगळं. देवाशपथ विसरेन.

"जा," पापा म्हणाला. "जा रे. तिकिटं वाया कशाला घालवायची? आत गेल्यावर डाव्या बाजूला कान लावा, तिथे चांगलं ऐकू येतं."

"पापा, पुढच्या वर्षी नक्की…"

"हो, हो. जा."

ओरेस्तेसने त्याला मिठी मारली. फळीवर दोन पावलं गेला आणि परत आला. मला वाटलं, आला.

"पापा, तो चष्मा…" तो म्हणाला. "समुद्रावर ऊन फार असतं."

पापाने चष्मा काढला. पोपटांच्या शर्टाला नीट पुसला आणि त्याला दिला.

परतीला आम्ही बसची वाट पाहिली. मी भावाला जे जे म्हणायचं ते सगळं म्हटलं, मोठ्याने, थांब्यावरच्या लोकांसमोर. चोर म्हटलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा तो शब्द तोंडातून काढला. पापा समोरच्या रस्त्याकडे बघत होता. माझं संपल्यावर एवढंच म्हणाला, "दोर मी नीट बांधला नव्हता." मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं.

गल्लीत शिरलो तेव्हा कोपऱ्यावर डॉमिनो रंगात आला होता. नीवेस दारात भाजी निवडत होती. माना वळल्या.

"अरे एवेलिओ! एवढ्यात परत?" नीवेसने विचारलं. "आणि पोरगा कुठाय?"

मी तोंड उघडलं. पापाने माझ्या दंडावर हात ठेवला.

"मला बोट लागली," तो म्हणाला. "गुहा दिसेपर्यंतसुद्धा दम निघाला नाही. पोरगा बिचारा परत फिरायला निघाला होता, मीच त्याला पुढे पाठवलं. म्हातारा झालो."

टेबलावर हशा पिकला. "एवेलिओला बोट लागली! ऐकलंत का, एवेलिओला!" या माणसाने उत्तरेच्या वादळात एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्या हाताने संत्रं खाल्लेलं त्यातल्या निम्म्यांनी पाहिलं होतं. तो त्यांच्याबरोबर हसला. सगळ्यात मोठ्याने हसला.

नीवेस आत जाऊन अर्धं लिंबू घेऊन आली. मळमळीवर चांगलं असतं म्हणाली. पापाने तिचे आभार मानले आणि तिथेच, सगळ्यांच्या देखत उभं राहून, ते लिंबू शेवटपर्यंत चोखलं.